केबल तोडण्याआधी

केबल बंद करा आणि क्रिकेट ॲपवरच बघा, असा सल्ला एका लेखात वाचला. २०२३ ची आयपीएल जिओसिनेमावर फुकट होती, तेव्हा आम्ही तेच केलं. पण ॲपवरचं चित्र केबलपेक्षा थोडं उशिरा येतं. शेजारी ‘आउट’ म्हणून ओरडतात, तेव्हा आमच्याकडे बॉलर अजून रनअपवर असतो. बाबांना याचा फार त्रास व्हायचा, ते मॅच सोडून उठून जायचे. शेवटी गच्चीवर डीडी फ्री डिशची, म्हणजे दूरदर्शनच्या मोफत डीटीएच सेवेची, छत्री बसवली. मासिक भाडं नाही, आणि २००७ च्या कायद्यामुळे भारताच्या पुरुष संघाच्या वनडे, टी-ट्वेंटीचं प्रक्षेपण हक्क घेतलेल्या वाहिन्यांना दूरदर्शनबरोबर वाटून घ्यावंच लागतं. आयपीएल त्यात येत नाही, तेवढ्यासाठी ॲप ठेवलंय. घरात वयस्कर माणसं असतील तर एक सीझन केबल आणि ॲप दोन्ही चालू ठेवून बघा.