तो आधी तिचा चष्मा काढायचा

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एकाने लिहिलं, "बायकोवर हात उचलणाऱ्यालाही समजून घ्यायला हवं. त्याचं बालपण बघा. राग आवरत नाही बिचाऱ्यांना." खाली सात अंगठे, दोन हात जोडलेले. मी तिथे गप्प बसले (गेल्या वेळी ॲडमिनने मला ग्रुपमधून काढायचंच बाकी ठेवलं होतं). इथे लिहितेय, कारण इथे सगळं अ-आ-ई पासून समजवावं लागत नाही.

राग आवरत नाही म्हणे.

माझी एक मैत्रीण आहे. तिला विचारूनच लिहितेय, नाव मात्र नाही लिहिणार. नवरा तिला नऊ वर्षं मारत होता. मारण्याआधी तो तिचा चष्मा काढायचा. दोन्ही हातांनी, कानामागून अलगद सोडवून. काड्या मिटायचा, काचा वर करून टेबलावर ठेवायचा आणि मग मारायचा. चष्मा फुटला तर चार लोक विचारणार, शिवाय नवा करायचा खर्च. एवढा हिशेब त्या 'आवरत नाही'च्या क्षणी डोक्यात होत होता! तोंडावर कधी मारलं नाही. दंड, पाठ, मांड्या, म्हणजे कपड्याखाली जातील अशा जागा. साहेबावरही चिडायचा तो, रोज चिडायचा. साहेबाचा चष्मा कधी काढला नाही.

बरं, बालपणाचं खोटं नाही. संयुक्त राष्ट्रांच्या संस्थांनी आशिया-पॅसिफिकमधल्या सहा देशांत सुमारे १०,००० पुरुषांशी बोलून केलेला अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. लहानपणी ज्यांनी मार खाल्ला, छळ सोसला, त्यांच्यात पुढे जोडीदाराला मारण्याचं प्रमाण जास्त निघालं. मान्य. पण माझ्या मैत्रिणीच्या नवऱ्याला सख्खा धाकटा भाऊ आहे. तेच घर, तोच बाप, तोच पट्टा. त्याने आजवर बायकोवर साधा आवाज चढवलेला नाही. त्याच्या बालपणाचं काय करायचं? त्याच्यासाठी कुणी अंगठे नाही दाखवत.

दारूचंही तेच. दारूने मारहाण वाढते, जास्त घातक होते, हेही खरं. हा माणूस थेंबाला शिवत नव्हता. पिणाऱ्यांचंही बघा ना, पिऊन घरी येईपर्यंत वाटेत कितीजण भेटतात, त्यांच्यातल्या कुणाला हात लावतो का तो?

आणि राग हेच कारण असेल तर तो जगभर सारखाच असायला हवा ना? जागतिक आरोग्य संघटनेच्या २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा देशांतल्या २४,००० हून जास्त बायकांना विचारलं होतं. जोडीदाराकडून कधी ना कधी शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाली असं सांगणाऱ्या जपानमधल्या एका शहरात शंभरात पंधरा होत्या, इथिओपियाच्या एका ग्रामीण भागात एकाहत्तर. तिथल्या पुरुषांचं डोकं काय पाचपट तापतं? आजूबाजूचे काय खपवून घेतात, बायको ऐकत नसेल तर दोन ठेवून द्यायचा हक्क आहे असं कितीजण मानतात, बाईकडे जायला दुसरी जागा आहे का, त्यावर बरंच ठरतं. (हो, बायकाही मारतात, पुरुषही सोसतात आणि लाजेने सांगत नाहीत. कमेंटमध्ये येणारच होतं, आधीच लिहून टाकलं.)

मैत्रिणीची सुरुवात मारापासून झालीच नव्हती. आधी "पोचलीस का?" मग "कुणाबरोबर आहेस?" मग फोनचा पासवर्ड. मग पगाराचं खातं. त्याच्या पोटात एकच भीती, ही मला सोडून जाईल, आणि त्यावर उपाय म्हणून तिच्या वेळेवर, पैशांवर, माणसांवर ताबा. पहिल्या वर्षी ती आम्हाला कौतुकाने सांगायची, किती जीव लावतो गं. आम्हीही चिडवायचो. असल्या नियंत्रणाला इंग्लंड आणि वेल्समध्ये २०१५ च्या कायद्याने गुन्हा ठरवलंय, एक थप्पडही मारलेली नसली तरी.

आता जे लिहितेय ते लिहायचं नव्हतं.

एकदा तो माझ्याशी बोलला होता. लहान असताना बाप आईला मारायचा तेव्हा हा धाकट्याला घेऊन पलंगाखाली शिरायचा आणि त्याचे कान दाबून धरायचा. "माझे कान दाबायला कुणी नव्हतं," म्हणाला. रडला. मीही रडले. त्या पलंगाखालच्या पोराबद्दल मला आजही वाईट वाटतं, ते जात नाही. पण मी पुढे काय केलं? मैत्रिणीला म्हटलं, "अगं, खूप सोसलंय त्याने. जरा सांभाळून घे."

तिने घेतलं सांभाळून. आणखी चार वर्षं.

त्या चार वर्षांत एकदा त्याने तिचा गळा धरला. तिने मला ते असंच बोलता बोलता सांगितलं, आणि डाग दिसत नव्हता म्हणून मलाही विशेष वाटलं नाही. गळा दाबणारा जोडीदार पुढे जीव घेण्याची शक्यता कितीतरी पटीने वाढते हे मी नंतर वाचलं. बाई सोडून निघते तो काळ सगळ्यात धोक्याचा, हेही नंतरच. "मग सोडून का नाही गेली?" विचारणाऱ्यांनी हे एकदा डोक्यात घ्या. ती तीन महिने तयारी करून, कुणालाही न सांगता निघाली. मलाही सांगितलं नाही. का सांगेल?

तर ग्रुपवरच्या मित्रा, समजून घे तू त्यांना. उपचार कर, समुपदेशन कर, जरूर कर. फक्त ती समजूत त्याच्या बायकोकडून वसूल करू नकोस.

परवा ती माझ्याकडे आली होती. माझा भाऊ आणि नवरा पत्त्यांवरून भांडत होते, नेहमीचं, खोटं खोटं. भावाचा आवाज चढला. बोलता बोलता तिने चष्मा काढला, काड्या मिटल्या, काचा वर करून टेबलावर ठेवला. ते दोघे तोवर हसायला लागले होते. तिचं वाक्यही तुटलं नव्हतं.