अब्राहम म्हणजे ब्रह्मा नव्हे

व्हॉट्सअ‍ॅपवर पुन्हा तोच मजकूर फिरतोय: ‘अब्राहम म्हणजे आपला ब्रह्मा, त्याची बायको सारा म्हणजे सरस्वती, म्हणजे ज्यू मूळचे इथलेच.’ पाठवणाऱ्यांत माझी जवळची माणसं आहेत, म्हणून नीट लिहितो. अब्राहम हा बायबलमधला, ज्यूंचा मूळपुरुष.

‘अ काढला की ब्रह्म उरतं.’ पण तो अ काढायचा कोणत्या नियमाने? संस्कृतातला अ धरला, तर अर्थ ‘ब्रह्म नसलेला’ असा उलटा होतो. हिब्रूत तर तो सुटा निघतच नाही. ‘अव्’ हा अख्खा शब्द आहे, अर्थ बाप. उच्चार अव्-रा-हाम. त्यात ‘ब्र’ हे जोडाक्षर नाहीच.

‘ह सुद्धा जुळतो.’ इथे तर दावा पुरता कोसळतो. हिब्रूत नाव लिहितात ते अलेफ, बेत (इथे उच्चार व), रेश, हे, मेम या अक्षरांनी. पण बायबलच्या ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या 17व्या अध्यायात हा माणूस 99 वर्षांचा होईपर्यंत नुसता अव्राम आहे. ‘हे’ म्हणजे ह त्याला नंतर मिळतो. ब्रह्म शब्द बृह्, म्हणजे वाढणं, या धातूशी जोडतात. त्यातला ह मुळातला आहे. नाव ब्रह्मावरून पडलं असतं, तर ह आधीपासून हवा होता.

अव्राम म्हणजे काय? अव् बाप, राम उंच, थोर. (आपल्या रामाशी याचा संबंध नाही, तो रम् धातूचा.) नावांचा हा साचाच आहे: बायबलमध्ये अविराम, अदोनिराम आहेत. आजच्या लेबनॉनमधल्या बिब्लोस या प्राचीन शहराचा राजा अहिराम, म्हणजे ‘माझा भाऊ थोर’; त्याची दगडी शवपेटी, वर फिनिशियन या हिब्रूच्या बहीणभाषेतला लेख कोरलेली, बैरूतच्या संग्रहालयात आहे. बापाच्या जागी भाऊ, बाकी नाव तेच.

अव्राहाम या नव्या नावाचा अर्थ बायबल ‘अव् हमोन गोयिम’, पुष्कळ राष्ट्रांचा बाप, असा सांगतो. खरं सांगायचं तर यात र कुठेच बसत नाही. अनेक अभ्यासक अव्राहामला अव्रामचंच बोलीतलं लांबलेलं रूप मानतात. शंका रास्त आहे, पण तिचं उत्तर हिब्रू आणि तिच्या बहीणभाषांत शोधायचं.

सारा हे ‘सर’ म्हणजे सरदार, याचं स्त्रीलिंग. सरस्वती म्हणजे सरस् अधिक वती, पाण्याने भरलेली. पहिली दोन अक्षरं सारखी, एवढंच.

खरा दुवा हवा असेल तर कोकणात या. तेलाचे घाणे चालवणारे, शनिवारी काम बंद ठेवणारे म्हणून शनवार तेली म्हणवले गेलेले बेने इस्रायल, म्हणजे इथले ज्यू, पिढ्यान्‌पिढ्या मराठी बोलत आले. त्यांनी अब्राहमचं आबाजी केलं आणि सामुएलचं सामाजी. ऐकणाऱ्याला आबाजी हे नाव ‘आबा’वरून आलेलं वाटेल, पण ते आलंय अव्राहामवरून.