मीटर एवढा वर का?

जुनं घर घ्यावं, जरा डागडुजी करून भाड्यानं द्यावं आणि दर महिन्याला पैसे मोजत बसावं, हे माझ्या डोक्यात कुणी घातलं माहीत नाही, पण कोल्हापुरात शुक्रवार पेठेत बारा वर्षं बंद असलेलं घर आहे असं एजंट म्हणाला आणि रविवारी मी बायको नि मेस्त्रींना घेऊन हजर, तेही घरी मटण शिजत असताना.

कुलपात किल्ली जाईना, शेवटी मेस्त्रींनी दगड घातला. आत एक मांजर, तिला आम्ही आलेलं अजिबात पटलं नाही.

"अस्सल सागवानी तुळई हाय साहेब," एजंट. मेस्त्रींनी खिशातला स्क्रू ड्रायव्हर काढून टोचला तर तो मुठीपर्यंत आत, आणि भुसा बायकोच्या केसात. "सागवानाला वाळवी सहसा लागत न्हाई," मेस्त्री म्हणाले, "म्हंजे हे सागवान न्हवं."

मग माझं लक्ष भिंतीकडं गेलं. गळ्यापर्यंत नवाकोरा डिस्टेंपर, वर जुना निळा चुना. आणि लाईटचा मीटर, सगळी बटणं माझ्या डोक्याच्या हातभर वर.

"एवढा वर का हो मीटर?"

"बारकी पोरं हात लावत्यात न्हवं."

मेस्त्रींनी रंगावर नख मारलं, बशीएवढा पापुद्रा सुटला, आत ओल नि पांढरा खार. "2019 च्या पुराचं का 2021 च्या पुराचं पाणी?" त्यांनी शांतपणे विचारलं. एजंटला तेवढ्यात फोन आला. (वाजला मात्र नव्हता.)

कागदांचं विचारू नका. प्रॉपर्टी कार्डावर अजून आजोबाच, खाली वारस सात, त्यातले दोघं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि घरफाळा थकलेला. घराचे 40 लाख, मेस्त्रींचा अंदाज 12, भाडं फार तर महिना दहा हजार, म्हणजे वर्षाला सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. "यापेक्षा जास्त तर एफडीत बसल्या जागी मिळतंय की," बायको केस झटकत म्हणाली.

घर घेतलं नाही. पण जुलै लागल्यापासून मी रोज सकाळी चहाच्या आधी राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी बघतोय. 39 फूट इशारा, 43 धोका. काल 41 झाली तेव्हा बायकोनं विचारलं, "अहो, आपलं काय हाय तिथं?"

"मांजर," म्हटलं.