कॉन्फिडन्स कमी नाहीये, बोलायची किंमत जास्त आहे

"आमची माणसं मीटिंगमधे तोंडच उघडत नाहीत हो, कॉन्फिडन्सच नाही त्यांच्यात." चाकण, भोसरी, रांजणगाव, सप्लायर ऑडिटला कुठंही जा, चहा आला की साहेब लोकांचं हे वाक्य येतंच. आणि हीच माणसं शिफ्ट सुटल्यावर गेटबाहेरच्या टपरीवर बघा. कुठल्या मशीनचा स्पिंडल आवाज करतोय, कुठल्या बॅचला काय झालं, रिजेक्शनचा आकडा कोण आणि कसा दाबतं, सगळं घडाघडा बोलत असतात. कॉन्फिडन्स भरपूर आहे. फक्त आत बोललेल्याचं पुढं काय होतं हे त्यांनी डोळ्यांनी बघितलंय, आणि तो हिशोब करून ती गप्प बसतात.

सायकोलॉजिकल सेफ्टी, म्हणजे कामाच्या ठिकाणी न घाबरता बोलता येणं, हा विषय आता प्रत्येक एचआरच्या पीपीटीत आलाय आणि आला ते बरंच झालं, मला तो मनापासून महत्त्वाचा वाटतो. पण त्याचं जे चाललंय, म्हणजे हॉटेलात मॅनेजर लोकांचं एक दिवसाचं ट्रेनिंग, एकमेकांशी नीट बोला, हसतमुख राहा, माझं दार सगळ्यांना उघडं आहे वगैरे, त्यानं काही होत नाही. वाईट बातमी घेऊन येणाऱ्या माणसाचं त्या दिवशी आणि पुढच्या महिन्यात काय होतं, सगळं तिथं ठरतं.

मी क्वालिटीत आहे म्हणून माझ्या कामातलंच सांगतो. एका कंपनीत (नाव नको) एका ब्रॅकेटला व्हीएमसीवर (प्रोग्रॅमवर चालणारी मशीन) होल पडायचे. फिक्श्चरची, म्हणजे पार्ट धरून ठेवणाऱ्या साच्याची, लोकेटिंग पिन झिजली होती, त्यामुळं पार्ट क्लॅम्प केल्यावर किंचित हलायचा आणि होलची पोझिशन सरकायची. माल कस्टमरकडं गेला, असेंब्लीत बोल्ट बसेना, त्यांची लाईन थांबली, मग नेहमीचंच, रातोरात माणसं पाठवून तिकडच्या सगळ्या स्टॉकचं सॉर्टिंग, डेबिट नोट (नुकसानीचं बिल आमच्या नावावर), आणि एट डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं मूळ कारण आणि त्यावरचा उपाय लिहून द्यायचा ठरलेला फॉर्म. रिपोर्टमधे रूट कॉज काय लिहिलं? ऑपरेटर अवेअरनेस कमी. ॲक्शन? ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं, सही घेतली, फोटो जोडला. विषय बंद.

त्या ऑपरेटरशी मी नंतर बोललो. वाशिमकडचा पोरगा, आयटीआय झालेला, कॉन्ट्रॅक्टवर. म्हणाला, "सर, पार्ट हलतोय हे मला जेवणाच्या आधीच कळलं होतं. हाताला लागतं ना ते. गेज पण टाईट जात होता." मग सांगितलं का नाहीस रे? तर म्हणाला, "मागच्या टायमाला शेजारच्या मशीनवरच्या दादानं मशीन थांबवली होती. दुसऱ्या दिवशी सकाळच्या मीटिंगला सगळ्यांसमोर उभं केलं त्याला, टार्गेट का गेलं म्हणून. बोर्डावर त्याचं नाव आठवडाभर लाल पेनानं होतं. आणि कॉन्ट्रॅक्टचा पुढचा ब्रेक झाल्यावर परत कामावर घेतलं नाही."

आता सांगा, अवेअरनेस कुठं कमी आहे? मेंटेनन्सच्या इंजिनिअरच्या आधी त्याला कळलेलं होतं. एट डी मधे मूळ कारण सापडेपर्यंत पाच वेळा 'का?' असं विचारायचं असतं, पण ज्याला आधीच दिसलं त्यानं का सांगितलं नाही हा 'का?' मी तरी कुठल्या रिपोर्टमधे वाचलेला नाही. कारण त्याचं उत्तर वर जातं, सुपरवायझरकडं, प्रॉडक्शन मॅनेजरकडं, त्या सकाळच्या मीटिंगकडं, आणि तिथं बोट दाखवायला कुणी तयार नसतं.

बरं, नुसतं बोलून भागतं का? तेही नाही. 22 मे 2010 ला दुबईहून मंगळूरला आलेलं एअर इंडिया एक्सप्रेसचं विमान आठवतंय ना? रनवे सोडून पुढं दरीत गेलं, 158 माणसं गेली, फक्त 8 वाचली. चौकशीच्या अहवालात आहे की कॅप्टन प्रवासात बराच वेळ झोपलेले होते आणि विमान उतरताना जितकं खाली असायला पाहिजे त्यापेक्षा खूप उंच होतं. शेजारी बसलेला फर्स्ट ऑफिसर, म्हणजे को-पायलट, गप्प नव्हता, तो गो अराउंड म्हणाला, एकदा नाही, परत परत म्हणाला, म्हणजे उतरू नका, परत वर घ्या. कॅप्टननी ऐकलं नाही. आणि फर्स्ट ऑफिसरनं कंट्रोल स्वतःच्या हातात घेतला नाही. का? तर को-पायलटनं स्वतः गो अराउंड करायचं की नाही याबद्दलच्या सूचनांमधे स्पष्टता नव्हती, बहुधा त्यामुळं, असं अहवालातच म्हटलंय. मी हे वाचलं तेव्हा कितीतरी वेळ तेच डोक्यात फिरत होतं. धोका दिसला, तोंड उघडलं, तरीही समोरच्याचा हात थांबवायचा हक्क आपल्याला आहे की नाही याचीच खात्री नाही.

म्हणून मला टोयोटाची दोरी फार मोठी गोष्ट वाटते. अँडन कॉर्ड. लाईनवरच्या कुठल्याही कामगाराला काही गडबड दिसली की दोरी ओढायची, दिवा लागतो, टीम लीडर धावत येतो, आणि ठरलेल्या वेळात प्रश्न सुटला नाही तर लाईन थांबते. कुणाला विचारायचं नाही, कुणाची परवानगी नाही. आपल्याकडं पण ही सिस्टीम पुष्कळ ठिकाणी बसवलीय, लाल पिवळे हिरवे दिवे छान लागलेले असतात, ऑडिटला दाखवायला उपयोगी पडतात. पण बटण दाबायला कुणी जात नाही.

यामागचं कारण समजून घ्यायचं असेल तर कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटचा किस्सा बघा. जनरल मोटर्सचा तिथला प्लांट कामगार आणि मॅनेजमेंटच्या भांडणांसाठी बदनाम होता, 1982 ला बंद पडला. 1984 ला टोयोटा आणि जनरल मोटर्सनी मिळून तोच प्लांट न्यूमी नावानं परत चालू केला, आणि कामगार घेतले ते बहुतेक जुनेच, तीच युनियन. त्याच माणसांच्या हातात दोरी दिली आणि थोड्याच काळात तिथल्या गाड्यांची क्वालिटी वाखाणली जायला लागली. हा किस्सा मॅनेजमेंटच्या प्रत्येक ट्रेनिंगमधे सांगतात, पण अर्धाच सांगतात. उरलेला अर्धा असा, की युनियनबरोबरच्या करारात कंपनीनं लिहून दिलं होतं की अगदीच गळ्याशी आल्याशिवाय कामावरून काढणार नाही. आणि 1988 च्या सुमारास गाड्यांची विक्री घसरली तेव्हा खरंच काढलं नाही, माणसांना ट्रेनिंगला बसवलं, सुधारणेच्या कामाला लावलं. आपण दोरी आणली. हा कागद आणलाच नाही.

आपल्याकडं काय आहे? 240 दिवस भरले की कामगाराला कायद्याचं संरक्षण मिळतं, म्हणून ते भरायच्या आत ब्रेक. सात महिने झाले की कार्ड जमा, मग परत बोलावतील नाहीतर नाही. परत बोलवायच्या यादीत नाव टाकायचं की नाही हे कोण ठरवतं, तर तोच लाईन सुपरवायझर, ज्याच्या टार्गेटच्या आड येऊन त्या पोरानं मशीन थांबवायची आहे. घरी पैसे पाठवायचे आहेत, रूमचं भाडं आहे, मेसवाल्याचं उधार आहे. अशा पोराला तुम्ही सांगणार निर्भयपणे बोला? त्यानं का बोलावं? मी त्याच्या जागी असतो तर मला जमलं असतं असं मी छातीठोकपणे नाही सांगू शकत.

आणि हे फक्त शॉप फ्लोअरचं नाही. हिंजवडीतल्या प्रोबेशनवरच्या मुलीला रिलीजच्या आदल्या रात्री बग दिसला तरी ती आधी लीडचा मूड बघते. हॉस्पिटलात डॉक्टरांनी लिहिलेला डोस नर्सला खटकतो, ती दोनदा केस पेपर बघते आणि मग देते. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी नव्वदच्या दशकात हॉस्पिटलांचा अभ्यास केला तेव्हा त्यांना वाटलं होतं की चांगल्या टीममधे औषधांच्या चुका कमी निघतील. निघाल्या जास्त. कारण तिथं लोक चुका लपवत नव्हते, सांगत होते. म्हणून कुठल्याही कंपनीच्या गेटवर 'नियर मिस शून्य' असा बोर्ड दिसला की मला आनंद होत नाही, भीती वाटते. एवढी माणसं, एवढी मशिनरी, फोर्कलिफ्ट, क्रेन, आणि महिनाभरात काहीच थोडक्यात वाचलं नाही? असं होत नसतं, रजिस्टरमधे लिहायचं कुणीतरी बंद केलंय.

काय करता येईल ते सांगतो, आणि ही काही हवेतली गोष्ट नाहीये. आमच्याकडं एट डी च्या फॉर्ममधे एक ओळ वाढवून घेतली, 'हा दोष आधी कुणाला दिसला होता का, दिसला असेल तर तो वर का पोचला नाही', आणि याचं उत्तर ऑपरेटरनं नाही तर डिपार्टमेंट हेडनं द्यायचं. सुरुवातीला सगळे 'लागू नाही' लिहायचे. प्लांट हेडनी तसे रिपोर्ट परत पाठवायला सुरुवात केली तेव्हा कुठं खरं यायला लागलं. दुसरं, सकाळच्या मीटिंगच्या बोर्डावर माणसाचं नाव लिहिणं बंद केलं, मशीनचा नंबर लिहायचा. आणि मशीन थांबवली तर पहिला प्रश्न 'काय दिसलं तुला' हा, 'किती वेळ गेला' हे नंतर. एका जुन्या सुपरवायझरला हे फार जड गेलं, पण आता त्याच्याच लाईनवरून सगळ्यात जास्त कॉल येतात, आणि त्याचं रिजेक्शन खाली आलंय हे तो स्वतः सांगतो.

ब्रेकनंतर परत बोलवायच्या यादीचं मात्र अजून काही होत नाहीये. माझी मागणी साधी आहे, ज्या पोरानं वर्षात एकदा जरी दोष दाखवून मशीन थांबवली असेल त्याचं नाव यादीतून काढायचं असेल तर क्वालिटी हेडची सही लागली पाहिजे, एकट्या सुपरवायझरच्या हातात ते नको. मी लेखी दिलंय, तो विषय कॉन्ट्रॅक्टरचा आहे म्हणून बाजूला ठेवलंय. पुढच्या रिव्ह्यूला परत मांडणार आहे. तुमच्या कंपनीत कुणी असं काही करून घेतलं असेल तर कसं केलं ते खाली सविस्तर लिहा, मला कागद घेऊनच आत जायचंय.