डिजिटल रुपया आणा, पण आधी कायदा करा

यूपीआय असताना हा डिजिटल रुपया कशाला, असं जो तो विचारतो आणि प्रश्न चुकीचा नाहीये. यूपीआयने एका बँक खात्यातले पैसे दुसऱ्या खात्यात जातात, डिजिटल रुपया, म्हणजे ई-रुपया, ही थेट रिझर्व्ह बँकेची नोट, फक्त फोनमधल्या वॉलेटमध्ये. बँक बुडाली तरी ती बुडत नाही. व्याज शून्य, पण ते खिशातल्या नोटेवर तरी कुठे मिळतं!

2022 च्या बजेटमध्ये घोषणा झाली, त्याच वर्षी 1 डिसेंबरला मुंबई, दिल्ली, बेंगळुरू आणि भुवनेश्वरला सामान्य माणसांसाठी पायलट, म्हणजे चाचणी, सुरू. 2023 संपता संपता दिवसाला 10 लाख व्यवहार झालेसुद्धा, पण काही बँकांनी आपल्याच कर्मचाऱ्यांचे भत्ते ई-रुपयात टाकले होते म्हणे, तो जोर ओसरला आणि आकडा पुन्हा खाली आला. मार्च 2025 ला चलनात ई-रुपये होते 1,016 कोटींचे आणि कागदी नोटा 36 लाख कोटींच्या वर. म्हणजे लोकांनी उत्तर दिलंय, ऐकायचं असेल तर.

माझा आक्षेप वेगळाच आहे. नोट कुणी कुणाला दिली हे कुठेही लिहिलेलं नसतं, आणि माणसं रोख वापरतात त्याचं एक मोठं कारण हेच. दरवेळी काळा पैसाच असतो असं नाही हो, कधी घरच्यांपासून लपवून बहिणीला मदत करायची असते, कधी डॉक्टरची फी असते. रिझर्व्ह बँकेच्या ऑक्टोबर 2022 च्या टिपणात छोट्या रकमांना गुप्तता आणि मोठ्या रकमांचा माग, असं म्हटलंय. छान. पण छोटी म्हणजे किती? आणि उद्या ही मर्यादा कोण बदलणार, संसद की एखादं परिपत्रक?

त्यात भर प्रोग्रामेबल पैशाची. अमुक कामालाच, अमुक तारखेपर्यंतच खर्च होईल असा रुपया. सबसिडीसाठी ठीक आहे, खत घ्यायला दिलेले पैसे खतावरच गेले तर कुणाची तक्रार असणारे? पण ही सोय एकदा हातात आली की ती सबसिडीपुरतीच राहील याची हमी कोण देणार? आणि सरकारने आणलं म्हणून लोक वापरतातच असंही नाही. नायजेरियात 2021 ला ई-नायरा, म्हणजे तिथलं डिजिटल चलन, आला, लोकांनी फारसा हात लावला नाही, 2023 च्या सुरुवातीला तर नोटांची टंचाई झाली आणि लोक बँकांसमोर रांगा लावून कागदी नोटाच मागत होते.

रिझर्व्ह बँकेच्या 1934 च्या कायद्यात 2022 ला दुरुस्ती करून नोटेच्या व्याख्येत डिजिटल रूप घातलं, तेही बजेटसोबतच्या फायनान्स बिलातून. मग व्यवहारांच्या नोंदी कोण बघणार, किती वर्षं ठेवणार, आणि माझ्या पगाराच्या रुपयाला अटी लावता येणार नाहीत, एवढंही त्याच कायद्यात लिहा की.