फांदी तोडून आणा

घाटंजीजवळच्या आमच्या गावात माझं कृषी केंद्र आहे. १८ वर्षं झाली. अर्धं गाव "कापूस विकला का देतो" एवढ्यावर माल नेते, त्यामुळे गल्ला हडकुळा आणि उधारीची वही गुटगुटीत. पुण्यात नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मामा, कोडिंग शिका." वय ४३. बायको म्हणाली, "शिका. त्या धंद्यात उधारी तरी नसंन."

पायथन नावाची संगणकाची भाषा शिकायला घेतली. हिच्यात ओळीच्या सुरुवातीला सोडलेल्या मोकळ्या जागेलाही अर्थ! एक स्पेस इकडची तिकडे झाली की ठप्प. तिफणीचं एक तास वाकडं गेलं म्हणून अख्खं वावर उगवायचं राहिलं, असं आमच्याकडे अजून झालं नाही. शिवाय मोजणी शून्यापासून. मी तशी पाचपर्यंत मोजली तर सहावं पाकीट फुकट जाईल.

मग बग आला. म्हणजे प्रोग्राममधली चूक; शब्दाचा अर्थ मात्र किडा. किडा म्हटल्यावर धीर आला, आपलंच खातं! १९४७ साली हार्वर्डच्या मार्क टू संगणकात खरोखरचा पतंग अडकला होता म्हणे, आणि तो त्यांनी नोंदवहीत चिकटवून ठेवला. (बोंडअळीचे पतंग आम्हीही कामगंध सापळ्यात धरतो. पण चिकटवायला वहीत जागा कुठंय?)

माझा किडा तीन दिवस सापडेना. भाच्याला फोन लावला. "अरे, लाल लाल काहीतरी येऊन राहिलं."

"मामा, तोंडी नका सांगू. स्क्रीनशॉट पाठवा."

मी गारच पडलो. "पऱ्हाटी लाल पडली, द्या काही तरी" म्हणणाऱ्या कापूसवाल्याला १८ वर्षं मी हेच सांगतोय, "तोंडी नको सांगू बापू, फांदी तोडून आण." मग तो दोन दिवसांनी पिशवीतून पार सुकलेलं पान आणतो.

मी मोबाईलनं लॅपटॉपचा फोटो काढून पाठवला. त्यात ट्यूबलाईट आणि माझं टक्कल स्पष्ट आलं होतं. तिसऱ्या फोटोवर उत्तर आलं: सातव्या ओळीच्या शेवटी दोन टिंबं (:) द्यायची राहिली.

तीन दिवस. दोन टिंबं.

तेवढ्यात दारात एक जण पिशवी घेऊन उभा. "भाऊ, काहून लाल पडून राहिली पऱ्हाटी?" पान चक्क ताजं होतं. उलटं करून पाहिलं. तुडतुडे. अर्धं मिनिटही लागलं नाही. ऐटीत औषध काढून दिलं.

"पैसे?"

"कापूस निघू द्या ना, भाऊ."

लॅपटॉप बाजूला सारला. वही त्याच्याच खाली होती.