आधी स्वतःचे नळ बंद करा!

दात घासताना नळ बंद ठेवा. शॉवर नको, बादली घ्या. गाडी ओल्या फडक्यानं पुसा. बरं बाबा, पुसतो! पण पालिकेवाल्यांनो, हे सांगणारा तुमचा फलक ज्या दुभाजकावर उभा आहे, तिथेच भर दुपारी पिण्याच्या पाण्याचा पाइप सोडून ठेवलाय, त्याचं काय? थोडं उन्हात उडून जातंय, बाकीचं रस्त्यावर. डांबराला पालवी फुटायची वाट बघताय का?

लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण म्हणतात. इथले पाषाण तर ओले चिंब आहेत!

धो धो पाऊस कोसळतोय आणि बागेतले फवारे इमानेइतबारे चालूच. का, तर टायमर लावलाय. पाऊस आला की फवारा थांबवणारा सेन्सर म्हणजे काही नवलाई नाही, एवढीशी डबी असते. पण ती बसवणार कोण? सार्वजनिक स्वच्छतागृहातल्या फ्लशचं तर बोलूच नका. सेकंदाला एक थेंब गळला तरी वर्षाला 10 हजार लिटरच्या वर पाणी जातं. इथे थेंब कसला, धार लागलीय! तक्रार केली की उत्तर ठरलेलं: 'नोंद घेतली आहे.' घ्या, नोंदीच घेत बसा.

खरी गोम वेगळीच आहे. माझ्या घरचं मीटर न चुकता तपासतात, पण पालिकेच्या बागा, कार्यालयं, तरणतलाव, अग्निशमन केंद्रं यांचं पाणी कोण मोजतं? जे मोजतच नाही ते वाचवणार कसं? पहाटे दोन ते चार शहर झोपलेलं असतं, तेव्हा वाहिनीतून किती पाणी जातं ते बघितलं की गळतीचा अंदाज येतो. त्या वेळी दाब उतरवला की गळतीही उतरते. पाणी खात्यातल्या कुठल्याही अभियंत्याला हे पाठ असतं. पाठ असून उपयोग काय म्हणा.

आणि सांडपाणी? नामिबियातल्या विंडहूकमध्ये 1968 पासून ते शुद्ध करून पिण्याच्या पुरवठ्यात मिसळतात. पिण्याच्या! तुम्हाला ते साधं हिरवळीला घालवत नाही. प्रक्रिया केलेलं पाणी नदीत सोडायचं आणि गवताला धरणाचं पाजायचं, वा रे नियोजन!

पुढची पाणीकपात जाहीर कराल ना, त्याच पत्रकात तुमच्या स्वतःच्या इमारतींनी आणि बागांनी गेल्या महिन्यात किती पाणी वापरलं तो आकडा छापा. आकडाच नसेल, तर कपात तिथूनच सुरू करा.